चार उभ्या, पाचवी आडवी

आमच्या अण्णांची गोदीतली एक वही माझ्याकडे आहे. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर तेलाचा डाग. आत अक्षरं फार थोडी. बाकी पानंच्या पानं नुसत्या रेघा. चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी. अशी एक जुडी म्हणजे पाच नग.

अण्णा मुंबईच्या प्रिन्सेस डॉकवर टॅलीचं काम करायचे. क्रेननं जहाजातून स्लिंग उचलून धक्क्यावर ठेवली की तीत पोती किती, पेट्या किती, ते मोजून वहीत रेघ ओढायची. मोजणारे दोघं असत, एक जहाजाच्या बाजूचा आणि एक बंदराच्या बाजूचा. शिफ्ट संपली की दोन वह्या शेजारी ठेवायच्या. जुडी जुडीशी जुळली तर सही, नाही तर वांधा. वांधा म्हणजे चहा, आवाज, पुन्हा चहा आणि शेवटी दोघांनी मिळून शेडमध्ये जाऊन थप्पी पुन्हा मोजणं. अण्णा सांगायचे की पाचवी रेघ ओढल्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही. चौथीवर असताना कुणी तंबाखू मागितली की हिशोब गेलाच म्हणून समजा.

माल कुणाचा, ते पेटीवरच्या मार्क्यावरून कळायचं. पत्र्याच्या स्टेन्सिलनं काळ्या रंगात मारलेला हिऱ्यासारखा चौकोन, त्यात दोन-तीन अक्षरं, खाली बंदराचं नाव, त्याखाली पेटीचा नंबर. हा मार्का ज्याचा त्याचा. एका पेढीचा चौकोन दुसऱ्या पेढीला काही सांगत नसे.

१९८९मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं. कंटेनर त्याच्या आधीपासूनच येत होते, आता त्यांची रीघ लागली. कंटेनरच्या दाराला सील. आत पाचशे पेट्या असोत की नऊशे, धक्क्यावर मोजायचा एकच नग. अण्णांचं काम असं कुणीही न काढता संपत गेलं. पण मोजणी काही कुठे गेली नाही, ती फक्त धक्क्यावरून उठून जिथं सील तुटतं तिथं जाऊन बसली. आणि सील तुटायचं ते भिवंडीच्या गोडाऊनमध्ये.

भिवंडीच का, हे आमच्याकडे नव्यानं लागलेली पोरं विचारतात. उत्तर एका शब्दाचं आहे, जकात. माल मुंबईच्या हद्दीत शिरला की नाक्यावर जकात भरा. म्हणून व्यापाऱ्यानं माल हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा. ठाण्यापलीकडे खाडी ओलांडली की काल्हेर, राहनाळ, पूर्णा, माणकोली, वळ. भाताची खाचरं होती सगळी. मालकांनी खाचरात भराव टाकला आणि त्यावर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, तेव्हा आम्हाला वाटलं आता ही गोडाऊनं ओस पडणार. झालं उलटच. ज्यांना राज्याराज्यांत लहान लहान कोठारं ठेवावी लागत होती, त्यांनी ती मोडून मोठी मोठी गोडाऊनं बांधायला घेतली, आणि त्यातली कितीतरी आमच्याकडेच आली.

मी काल्हेरला गोडाऊन कीपर म्हणून लागलो तेव्हा माझ्याही हातात वहीच होती. चार उभ्या, पाचवी आडवी. मग बारकोड वाचणारी गन आली आणि तिच्यामागून अंगठी. ही अंगठी तर्जनीत घालायची, अंगठ्यानं बाजूचा खटका दाबायचा, की बोटातून उजेड निघून खोक्यावरची बारकोडची पट्टी वाचली जाते. मनगटावर पट्ट्यानं बांधलेला छोटा संगणक नंबर घेतो आणि पुढे काय उचलायचं ते सांगतो. माझं आजचं काम म्हणजे पोरांच्या बोटांत या अंगठ्या बसवून देणं. अण्णांची वही आणि ही अंगठी यांचं नातं लागतं ते रेघेवरून.

त्या रेघेची गोष्ट अमेरिकेतली आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत बर्नार्ड सिल्व्हर नावाच्या तरुणानं किराणा दुकानांच्या साखळीच्या प्रमुखाचं बोलणं ऐकलं. गल्ल्यावर माल आपोआप ओळखता येईल असं काही करा, अशी गळ तो घालत होता. सिल्व्हरनं ते नॉर्मन जोसेफ वुडलँड या मित्राला सांगितलं. १९४८-४९च्या हिवाळ्यात वुडलँड मायामीला आजोबांकडे जाऊन राहिला. लहानपणी स्काउटमध्ये शिकलेली मोर्सची भाषा तेवढी त्याच्या डोक्यात होती. समुद्रकिनारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं वाळूत चार बोटं खुपसली आणि आपल्याकडे ओढली. चार रेघा उमटल्या. मोर्सचे टिंब आणि डॅश खाली ओढून लांब केले तर त्यांच्या बारीक आणि जाड रेघा होतात, हे त्याला तिथं सुचलं.

चार बोटं, चार उभ्या रेघा. हे मी प्रथम वाचलं तेव्हा वही काढून अण्णांच्या जुड्या पुन्हा पाहिल्या.

दोघांना १९५२ साली पेटंट मिळालं, पण उपयोग शून्य. त्यांच्या पहिल्या यंत्रात ५०० वॉटचा दिवा होता आणि त्याच्या धगीनं कागद धुरकटायचा. लेझर आणि स्वस्त संगणक यायला आणखी वीस वर्षं लागली. सिल्व्हर तोवर, १९६३मध्ये, वारला होता. गंमत म्हणजे वुडलँडनं पेटंटच्या आधीच रेघा वाकवून गोल केल्या होत्या, नेमबाजीच्या निशाण्यावरच्या वर्तुळांसारख्या, म्हणजे कुठूनही वाचता याव्यात. ती वर्तुळं छापताना शाई पसरायची आणि सगळं बिघडायचं. आयबीएमच्या जॉर्ज लॉररनं पुन्हा सरळ रेघा धरल्या. छपाईच्या दिशेनं शाई पसरली तर उभी रेघ नुसती थोडी लांब होते, तिची जाडी तीच राहते, आणि वाचायची असते ती जाडी. छापखान्यात काम केलेल्या माणसाला हे एका क्षणात पटेल. १९७३मध्ये तो नमुना ठरला आणि २६ जून १९७४ला ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये रिगलीच्या च्युइंगमचं ६७ सेंटचं पाकीट पहिल्यांदा काचेवरून सरकलं.

मला त्या पाकिटाचं फार अप्रूप नाही. दुकानात माल यंत्राकडे नेता येतो. गोडाऊनमध्ये तीस किलोचं खोकं यंत्राकडे कोण नेणार? तिथं यंत्रानंच मालाकडे जायला हवं. म्हणून आमच्या धंद्याची तारीख मी १९८०च्या दशकाची सुरुवात धरतो. लाँग आयलंडच्या सिम्बॉल टेक्नॉलॉजीजनं तेव्हा हातात धरायचं लेझर स्कॅनर बाजारात आणलं. पिस्तुलासारखं दिसायचं म्हणून त्याचं नाव गन पडलं, ते आमच्या हमालांच्या तोंडीही अजून आहे.

गननं एक हात खाल्ला. खोकं उचलायला दोन हात लागतात आणि एका हातात गन. मग गन ठेवा, खोकं उचला, पुन्हा गन शोधा. अमेरिकेत पार्सलं पोचवणाऱ्या यूपीएसकडे हीच अडचण होती आणि दिवसभरात खोकी बेसुमार. १९९०च्या दशकाच्या मध्याला सिम्बॉलनं गनचं तोंड कापून बोटावर बसवलं, उरलेली गन मनगटावर बांधली आणि मध्ये वायर जोडली. हीच पहिली अंगठी. त्या वायरीचं काय होत असेल ते मी न पाहताही सांगू शकतो, खोक्याच्या कोपऱ्याला अडकणार आणि तुटणार. पुढे ब्लूटूथ आलं आणि वायर गेली.

आता बसवायचं कसं, तेही सांगून टाकतो, कारण पोरं यातच चुकतात. अंगठीत बॅटरी सरकवायची. मनगटावरच्या पडद्यावर जोडणीची पट्टी उघडायची आणि अंगठीनंच ती वाचायची. अंगठी दोनदा बोलली की ओळख झाली. पट्टा असा आवळायचा की बोट वाकलं पाहिजे आणि अंगठी फिरली नाही पाहिजे. खटका अंगठ्याच्या बाजूला यायला हवा. आमच्याकडे एक डावखुरी पोरगी पहिले तीन दिवस उजव्या हातात अंगठी घालून कोपर वाकडं करत होती. विचारायला लाजली. खटका फिरवून दुसऱ्या बाजूला लावता येतो हे दाखवलं, तेव्हा म्हणाली, "काका, हे आधी सांगायचं ना!" चूक माझीच होती. कापडी पट्टा ज्याचा त्याचा ठेवायचा. मे महिन्यात पत्र्याखाली तीन शिफ्टचा घाम एका पट्ट्यात जिरला की बोटाला खाज सुटते.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो एंटर. नंबर वाचल्यावर अंगठीनं शेवटी एंटर पाठवायला हवा. ती सेटिंग राहिली तर दुसऱ्या खोक्याचा नंबर पहिल्याला चिकटतो आणि पडद्यावर मालगाडी तयार होते. सेटिंग बदलायला पुस्तिकेत पट्ट्याच छापलेल्या असतात. ‘एंटर जोडा’ याची एक पट्टी, ‘आवाज वाढवा’ याची दुसरी. कानात माशी गुणगुणावी तसा आवाज लागला तर फॉर्कलिफ्टजवळ तो ऐकूच येत नाही.

आणि आडवी रेघ. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यांवर १४ अंकी नंबराची पट्टी असते, तिच्याभोवती जाड काळी चौकट पाहिली असेल. मला ती बराच काळ शोभेची वाटायची. गनच्या दिवसांत एका पुरवठादाराकडून चौकट नसलेली खोकी आली. आमच्या पोरानं गन तिरकी धरली. लेझरची रेघ पट्टीत एका टोकानं शिरली आणि मधूनच वरच्या कडेनं बाहेर पडली. या जातीच्या पट्टीत अर्धवट तुकडाही पुरा नंबर असल्यासारखा वाचला जाऊ शकतो. १४ऐवजी ८ अंक आले. आमच्या गोडाऊनमधले घरगुती नंबर नेमके ८ अंकीच होते आणि त्यातला एक जुळला. सात खोकी दुसऱ्याच मालाच्या नावावर चढली. शॉर्टेज माझ्या नावावर लागलं, पगारातून कापायची भाषा झाली. दोन रात्री बसून शोधलं तेव्हा कळलं की वर-खाली त्या आडव्या रेघा कशासाठी असतात. तिरका उजेड बाहेर पडताना जाड आडव्या रेघेला धडकतो आणि वाचन बाद होतं. तुकडा कधी पूर्ण समजायचा नाही हे ती बघते. अण्णांच्या वहीत पाचवी रेघ तेच करायची. मी मग पुस्तिकेतली पट्टी वाचून लांबी १४ला बांधून टाकली.

आताच्या अंगठ्या फोटो काढून वाचतात, त्यामुळे तसली चूक क्वचितच होते. पण खोक्यात काय आहे ते अंगठीला आजही दिसत नाही. तिला पट्टी दिसते. अण्णा रेघ ओढायचे ती पोतं पाहून, ओलं आहे की फाटलंय तेही पाहून. आता रेघा छापखान्यातून किंवा प्रिंटरमधून आधीच ओढून येतात आणि आमचं बोट त्या वाचत जातं. रिकाम्या खोक्यावरची पट्टीही तितक्याच खणखणीत आवाजात वाचली जाते. म्हणून मी पोरांना सांगतो, खटका दाबताना दुसऱ्या हातानं खोकं थोडं उचला. वजन हाताला कळतं. दोन हात मोकळे झालेत ते त्यासाठीच, असं माझं मत. मॅनेजरचं मत वेगळं आहे. त्याला मोकळ्या हातांत तासाला जास्त खोकी दिसतात.

एकाच खोक्यावर दोन पट्ट्या ही आमची सध्याची डोकेदुखी. परतीचा माल लोक मिळेल त्या जुन्या खोक्यात भरून पाठवतात. पहिली पट्टी तशीच राहते आणि अंगठी जी समोर येईल ती वाचते. मागच्या दिवाळीत एका नव्या पोरानं जुन्या पट्ट्यांवर इमानदारीनं लाल पेनानं आडवी काट मारली होती, तरी त्या धडाधड वाचल्या गेल्या. आडव्या काटेच्या वर आणि खाली पट्टी शाबूत असते. आणि अंगठीच्या लाल उजेडात लाल शाई दिसतच नाही, कोरा कागद वाटतो.

म्हणून हे वाचणाऱ्यांना एक विनंती. जुनं खोकं पुन्हा वापरायचं असेल तर जुनी पट्टी फाडून टाका. फाटत नसेल तर काळा जाड मार्कर घ्या आणि तिच्यावर दोन-तीन रेघा उभ्या ओढा, वरपासून खालपर्यंत. आडव्या नकोत.