५२ मतांनी जिंकलेली कॅथी

आजची गोष्ट निवडणुकीची आहे, पण सुरुवात घरभाड्यापासून. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत वाढलेल्यांना हा विषय समजावून सांगायला नको. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी बांधून टाकली, म्हणून कितीतरी गिरणी कामगारांची घरं इथे टिकली.

आता थेट अमेरिकेत जाऊ. मिशिगन राज्यातलं ॲन आर्बर हे विद्यापीठाचं शहर. एप्रिल १९७४ मध्ये तिथल्या नगर परिषदेला एक विद्यार्थिनी उभी राहिली. कॅथी कोझाचेन्को, वय २१. आपल्याकडेही नगरसेवक व्हायला किमान २१ च लागतं बरं का! तिचा पक्ष छोटासा, ह्यूमन राइट्स पार्टी. मुद्दा काय? घरमालकाने भाड्यातून किती नफा काढावा, याला मर्यादा हवी. आणि हो, कॅथी लेस्बियन होती. हे तिने मतदानाआधीच उघड सांगितलेलं.

ती ५२ मतांनी जिंकली. स्वतःची ओळख न लपवता निवडून आलेली अमेरिकेतली ती पहिली समलिंगी उमेदवार. ज्याच्यावर सिनेमा निघाला तो हार्वी मिल्क जिंकला १९७७ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी.

अर्थात, तिच्या आधी दोघं होते. मतदानाचं वय १८ झाल्यावर, १९७२ मध्ये याच पक्षाचे नॅन्सी वेक्स्लर आणि जेरी डिग्रिक निवडून आले. १९७३ मध्ये, पदावर असतानाच, आपण समलिंगी असल्याचं त्यांनी जाहीर केलं. पुढे वेक्स्लरच्या जागेवर कॅथी लढली. तिच्या लेस्बियन असण्यावरून प्रचारात फारसा गदारोळ झालाच नाही. भाडेनियंत्रणाचा प्रस्ताव मात्र त्याच मतदानात पडला. एक टर्म करून कॅथी राजकारणातून बाहेर पडली आणि बहुतेक जण तिला विसरून गेले.

त्याच १९७४ मध्ये आपल्या मध्य मुंबईतून रोझा देशपांडे लोकसभेची पोटनिवडणूक जिंकल्या. म्हणजे बाईला मत द्यायला गिरणगाव कचरत नव्हता. पण १९९८ मध्ये दोन बायकांचं प्रेम दाखवलं म्हणून याच शहरात ‘फायर’चे खेळ बंद पाडले, आणि त्यात बायकाही पुढे होत्या. २०१७ ला कुर्ल्यातून प्रिया पाटील या ट्रान्सजेंडर उमेदवार महापालिकेला उभ्या राहिल्या, हरल्या. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला.

मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे अट कुठे अडते ते आधी बघते. कायद्याने लालबागची २१ वर्षांची लेस्बियन मुलगी आज उभी राहू शकते. पण त्यासाठी मतदारयादीत नाव लागतं आणि नावासाठी पत्ता. घरच्यांनी बाहेर काढलं आणि दोन मुली एकत्र राहणार म्हणून कोणी खोली दिली नाही, तर तिने कोणता पत्ता लिहायचा?

कॅथी भाड्यावर बोलत होती ते उगाच नाही. विचार करा, कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!