आखडत गेलेला मुक्काम : व्हेनिसच्या पाहुण्यांचा इतिहास

इटलीच्या ईशान्य किनाऱ्यावरचे व्हेनिस हे कालव्यांचे शहर आज प्रामुख्याने जोडप्यांच्या दोन-तीन दिवसांच्या सहलीसाठी ओळखले जाते. व्यापार बुडाला आणि उरलेल्या सौंदर्यावर निर्वाह करण्याची वेळ शहरावर आली, म्हणून त्याला ही ओळख मिळाली, असे मत वारंवार मांडले जाते. परंतु ते अपुरे आहे. परक्या माणसाला उतरवून घेणे, त्याच्या राहण्याजेवणाची सोय करणे, त्याला शहर दाखवणे आणि या सगळ्याचा मोबदला घेणे हा उद्योग व्हेनिसच्या सागरी सत्तेच्या ऐन भरात उभा राहिला होता आणि त्यावर राज्याची बारीक नजर होती. पुढच्या पाच शतकांत पाहुणे बदलले, त्यांचे हेतू बदलले, परंतु शहराच्या जीवनावर सर्वांत खोल परिणाम झाला तो त्यांचा मुक्काम आखडत गेल्याचा.

या उद्योगाचे पहिले मोठे गिऱ्हाईक जेरुसलेमला निघालेले ख्रिस्ती यात्रेकरू होते. चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत पश्चिम युरोपातून पवित्र भूमीकडे जाणारा सर्वांत भरवशाचा मार्ग व्हेनिसहून निघत असे, कारण यात्रेकरूंसाठी नियमित गलबते सोडण्याची व्यवस्था तेथे होती आणि गलबताच्या मालकाला राज्याकडून परवाना घ्यावा लागे. आल्प्स ओलांडून वसंत ऋतूत आलेल्या यात्रेकरूला गलबत सुटेपर्यंत अनेक आठवडे शहरात काढावे लागत. जर्मन भाषिक प्रदेशातला फेलिक्स फाब्री हा डोमिनिकन संन्यासी १४८३ मध्ये आपल्या दुसऱ्या यात्रेला निघाला, तेव्हा त्याला असेच सुमारे महिनाभर थांबावे लागले. त्याने आणि १४९४ मध्ये आलेल्या मिलानच्या पिएत्रो कासोला या धर्मगुरूने लिहून ठेवलेल्या वृत्तांतांमुळे या प्रतीक्षेच्या काळाचे चित्र बऱ्याच तपशिलाने उभे करता येते. यात्रेकरू चर्चमधले पवित्र अवशेष पाहत आणि मुरानो बेटावरच्या काचेच्या भट्ट्यांना भेट देत. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, म्हणजे व्हेनिसच्या बोलीतल्या ‘सेन्सा’ला, ‘डोजे’ हा प्रजासत्ताकाचा निवडून आलेला प्रमुख ‘बुचिन्तोरो’ या सोनेरी नौकेतून समुद्रापर्यंत जाऊन पाण्यात अंगठी टाकी आणि शहराचे समुद्राशी लग्न लावी. तो सोहळाही यात्रेकरूंच्या वाट्याला येई. सणाला जोडून सेंट मार्कच्या चौकात मोठी जत्रा भरे. गलबते बहुधा या सणानंतर सुटत असल्यामुळे यात्रेकरूंच्या खर्चाचा मोठा हिस्सा जत्रेतल्या दुकानदारांच्या पदरात पडे, आणि धर्मकार्य व बाजार यांची ही सांगड राज्यकर्त्यांच्या ध्यानात आली नसेल असे मानणे कठीण आहे.

भाषा न जाणणाऱ्या या माणसांची लुबाडणूक होऊ नये यासाठी राज्याने ‘तोलोमारी’ नावाचे अधिकृत वाटाडे नेमले होते. सेंट मार्कचा चौक आणि रिआल्तो हा बाजारभाग येथे हजर राहून नवख्या यात्रेकरूला उतरण्याची जागा मिळवून देणे, पैसे बदलताना मदत करणे आणि गलबतमालकाशी करार करताना सोबत राहणे ही त्यांची कामे होती. करार लेखी असे. जाफा बंदरापर्यंतचा आणि परतीचा प्रवास, वाटेतले जेवण, पवित्र स्थळांपर्यंतचे गाढवांचे भाडे आणि वाटेतल्या जकाती हे सर्व एकाच रकमेत बसवलेले असल्याने, आज प्रवासी कंपन्या ज्या एकरकमी सहली विकतात त्यांचे हे पूर्वरूप मानण्यास हरकत नाही. इंग्लंडहून १४५८ आणि १४६२ मध्ये आलेल्या विल्यम वे याने पुढच्या यात्रेकरूंना सांगून ठेवले आहे की, सेंट मार्कजवळ गादी, उशा, चादरी आणि रजई असा संपूर्ण बिछाना तीन डुकाटांना (डुकाट हे व्हेनिसचे सोन्याचे नाणे) मिळतो आणि परत आल्यावर तो कितीही फाटलेला असला तरी तोच दुकानदार दीड डुकाट देऊन तो परत घेतो. या एका नोंदीतून त्या बाजाराचे स्थैर्य जितके कळते, तितके राज्याच्या कायद्यांवरून कळत नाही : महिनोन्‌महिन्यांनी गिऱ्हाईक परतणार आणि दुकान तेथेच असणार, हे दोन्ही बाजूंनी गृहीत होते.

व्यापाऱ्यांच्या मुक्कामाची तऱ्हा वेगळी होती. रिआल्तोजवळ तेराव्या शतकापासून जर्मन व्यापाऱ्यांसाठी ‘फोन्दाको’, म्हणजे वखार आणि सराई यांचे एकत्रित रूप असलेली इमारत होती. १५०५ मध्ये ती जळाल्यावर राज्याने ती पुन्हा बांधून दिली. १६२१ मध्ये ऑटोमन प्रजाजनांसाठी अशीच दुसरी वास्तू नेमून दिली गेली. पाहुण्याने कोठे राहावे आणि कोणाशी व्यवहार करावा हे राज्य ठरवत असे, ही त्यातली मुख्य गोष्ट होय.

ऑटोमन सत्तेशी झालेल्या युद्धांमुळे सोळाव्या शतकात यात्रेकरूंचा ओघ आटला, तेव्हा त्यांच्या जागी हौसेने येणारा प्रवासी आला. १६३७ मध्ये सान कास्सियानो येथे तिकीट काढून प्रवेश देणारे पहिले ऑपेरागृह उघडले, १६३८ मध्ये ‘रिदोत्तो’ हा सरकारमान्य जुगारखाना सुरू झाला, आणि मुखवट्यांचा कार्निव्हल हा अठराव्या शतकात युरोपभरच्या श्रीमंत तरुणांच्या ‘ग्रँड टूर’मधला, म्हणजे शिक्षण पुरे करण्यासाठी केल्या जाणाऱ्या दीर्घ प्रवासातला, अटळ टप्पा बनला. शहराची आठवण घरी नेण्याची इच्छा कानालेत्तो या चित्रकाराच्या दृश्यांनी पुरी केली. ही चित्रे बहुतांशी इंग्रज गिऱ्हाइकांनी घेतली, आणि व्हेनिसमध्ये राहून त्या खरेदीची मध्यस्थी करणाऱ्या जोसेफ स्मिथ या व्यापाऱ्याचा संग्रह १७६२ मध्ये खुद्द तिसऱ्या जॉर्ज राजाने विकत घेतला. या काळातला मुक्काम आठवड्यांचाच होता; १७८६ मध्ये आलेला जर्मन कवी ग्योटे २८ सप्टेंबरपासून १४ ऑक्टोबरपर्यंत राहिला, आणि तत्कालीन मापाने ही काही दीर्घ भेट नव्हती.

१२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या दबावाखाली प्रजासत्ताक विसर्जित झाले, पुढे ऑस्ट्रियाचा अंमल आला आणि १८६६ मध्ये शहर इटलीत सामील झाले. सरदार घराणी निर्धन झाली, त्यांचे कालव्याकाठचे वाडे भाड्याने वा विक्रीस निघाले, आणि त्यांतून आधुनिक हॉटेल जन्मले : १८२२ मध्ये जुझेप्पे दाल नीएल याने दांदोलो घराण्याच्या वाड्यात थाटलेले ‘दानिएली’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. नेमक्या याच काळात व्हेनिसचे नाव प्रेमी युगुलांशी जोडले गेले. फ्रेंच लेखिका जॉर्ज साँ आणि कवी आल्फ्रेद द म्युसे १८३४ च्या आरंभी दानिएलीत उतरले. म्युसे गंभीर आजारी पडला, उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टरशी साँचे प्रेम जुळले आणि मार्चअखेर म्युसे एकटाच परतला. १८४९ च्या हिवाळ्यात इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन आणि त्याची पत्नी एफी तेथेच राहिले. रस्किन दिवसभर शिड्यांवर चढून खांबांची आणि कमानींची मापे घेई, पत्नी शहरातल्या समाजात एकटी वावरे, आणि पुढे तो विवाह १८५४ मध्ये रद्द ठरला. कादंबरीकार जॉर्ज एलियट साठाव्या वर्षी विवाह करून १८८० च्या जूनमध्ये मधुचंद्रासाठी आली असता तिच्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या पतीने मानसिक आजाराच्या झटक्यात खिडकीतून ग्रँड कॅनॉलमध्ये उडी घेतली. नावाड्यांनी त्याला वाचवले. या तिन्ही हकिगती दुःखाच्या आहेत, तरीही त्यांनी शहराच्या प्रणयरम्य कीर्तीला बाध आणला नाही. त्या जोडप्यांचे चरित्र आणि शहराची प्रतिमा यांचा कार्यकारणसंबंध लावू पाहणारे लेखन पुष्कळ आहे; परंतु दीर्घ मुक्काम, परके शहर आणि सोबतीला दुसरे कोणी नसणे या गोष्टी कोणत्याही नव्या संसाराची कसोटी पाहणाऱ्या आहेत, हे साधे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे.

मुक्कामाला खरी कात्री लावली ती रेल्वेने. व्हेनिस ज्या उथळ खाऱ्या पाण्याच्या विस्तारात वसले आहे, तो ओलांडणारा २२२ कमानींचा, सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा पूल जानेवारी १८४६ मध्ये खुला झाला आणि १८५७ पर्यंत मिलानशी सलग लोहमार्ग जोडला गेला. १८२० च्या दशकात आन्तोनिओ क्वाद्री याच्या मार्गदर्शक पुस्तकाचे नावच ‘व्हेनिसमध्ये आठ दिवस’ असे होते. १८६४ पासून टॉमस कुक या इंग्रज सहल-आयोजकाने इटलीच्या सहली सुरू केल्यावर आठ दिवस ही चैन ठरली, आणि नोकरीची रजा मोजून येणारा मध्यमवर्गीय प्रवासी, त्याच्यासोबत त्याची पत्नी, हा शहराचा नेहमीचा पाहुणा झाला. १८९३ मध्ये राजा उंबेर्तो आणि राणी मार्गेरिता यांच्या विवाहाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त नगरपालिकेने कलाप्रदर्शनाचा ठराव केला आणि त्यातून १८९५ मध्ये बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन, सुरू झाले; पाहुण्याने पुन्हा यावे यासाठी शहराने योजलेला हा सर्वांत टिकाऊ उपाय होय.

गोंडोलाचे रूपांतरही याच बदलाचा भाग आहे. डाव्या बाजूला थोडी अधिक रुंद, सुमारे अकरा मीटर लांबीची आणि एकाच वल्ह्यावर चालणारी ही काळी होडी पूर्वी घरोघरीचे वाहन होती, आणि तिच्यावर पाऊस व नजरा यांपासून आडोसा देणारी ‘फेल्झे’ नावाची कोठडी असे. १८८१ मध्ये वाफेवर चालणारी सार्वजनिक बोट, म्हणजे वापोरेत्तो, सुरू झाली तेव्हा गोंडोलेवाल्यांनी संप केला. संप फसला आणि रोजची वाहतूक त्यांच्या हातून गेली. विसाव्या शतकात फेल्झेही नाहीशी झाली, कारण नव्या प्रवाशाला शहर पाहायचे होते. आज पालिकेने ठरवलेला दर दिवसा ३० मिनिटांना ९० युरो आहे आणि तो होडीमागे आकारला जात असल्याने दोघांच्या जोडप्यालाही पूर्ण होडीचे पैसे मोजावे लागतात.

मुंबईचा या शहराशी संबंध प्रथम बंदर म्हणून आला. दोन महायुद्धांच्या दरम्यान इटालियन कंपनीच्या बोटी मुंबईहून व्हेनिसला जात. सुभाषचंद्र बोस १९३३ मध्ये ‘गांगे’ या बोटीने मुंबईहून निघून ६ मार्च रोजी तेथेच उतरले होते. त्यानंतरच्या पिढीने व्हेनिस पाहिले ते पडद्यावर : शक्ती सामंत यांच्या १९७९ च्या ‘द ग्रेट गॅम्बलर’ या चित्रपटात अमिताभ बच्चन आणि झीनत अमान गोंडोलात दिसले, आणि मराठी घरांतल्या मधुचंद्राच्या कल्पनांमध्येही ते दृश्य बराच काळ राहिले.

१९३३ च्या मोटाररस्त्याच्या पुलाने, पुढे स्वस्त विमानसेवेने आणि प्रचंड प्रवासी जहाजांनी मुक्काम आणखी आखडला आणि अखेरीस पुष्कळांच्या बाबतीत तो उरलाच नाही. मुख्य बेटांवरची वस्ती १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख होती, ती २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेली. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुराने तळमजल्यावरची बिऱ्हाडे हलवली, मुख्य भूमीवरच्या कारखान्यांनी आणि सोयीच्या घरांनी माणसे ओढली, आणि रिकामी झालेली घरे पाहुण्यांना भाड्याने देणे अधिक किफायतशीर ठरले. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सेंट मार्कसमोरून जाण्यास बंदी झाली. २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून ५ युरो शुल्क घेतले जाऊ लागले. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ मध्ये ५४ झाले आणि ऐनवेळी नोंद करणाऱ्याला १० युरो पडू लागले. रात्रभर राहणाऱ्याला हे शुल्क माफ आहे, कारण तो हॉटेलमार्फत मुक्कामाचा कर भरतोच, आणि म्हणून दोन रात्री राहणारे जोडपे आता शहराच्या दृष्टीने हवासा पाहुणा ठरले आहे. मात्र या शुल्कात येणाऱ्यांच्या संख्येवर कोणतीही मर्यादा घातलेली नाही; पंधराव्या शतकातल्या राज्याच्या हाती मात्र परवान्यांमुळे यात्रेकरूंच्या गलबतांची संख्या होती.