तपासणी दोघांची

मूल झालं नाही की आधी बोट सुनेकडे. नवस तिचे, उपास तिचे, दवाखान्याच्या खेपाही तिच्याच. इतिहास मात्र पुरुषाच्या बाजूचीही गोष्ट सांगतो.

१६७७ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक या कापड व्यापाऱ्याने स्वतः घडवलेल्या भिंगातून पुरुषाच्या वीर्यात वळवळणारे जीव पाहिले. तेच शुक्रजंतू. ते दिसले, तरी ठपका बाईवरच राहिला.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तिच्या आईच्या गर्भनलिका बंद होत्या. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांनी हर्षा जन्मली. या उपचारात स्त्रीबीज बाहेर काढून बशीत ठेवतात आणि भोवती हजारो शुक्रजंतू सोडतात. पण बीजात शिरायचं काम शुक्रजंतूचंच. ते फार थोडे असले किंवा धड पोहत नसले, तर बीज फळत नसे. बाईने इंजेक्शनं सोसूनही ओटी रिकामीच.

१९९२ साली बेल्जियममधल्या ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी नवी वाट दाखवली. एकच शुक्रजंतू बारीक सुईने थेट बीजात सोडायचा. याला इक्सी म्हणतात. त्यामुळे मोजकेच शुक्रजंतू असलेले पुरुषही बाप झाले. पण सुई शुक्रजंतूला आत पोचवते, त्याच्यातला बिघाड दुरुस्त करत नाही. बिघाड मोठा असेल तर गर्भ नीट वाढत नाही, पडण्याची भीतीही वाढते. बाईचं वय वाढलं की यश आणखी कमी होतं. आणि दोष नवऱ्यात असला, तरी इंजेक्शनं आणि भूल बायकोलाच!

मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषातलं कारण असतं, एकटं किंवा बाईतल्या कारणासोबत. वीर्य तपासणीत शुक्रजंतूंची संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. त्याला सुई नाही, टाका नाही. अहवाल बरा नसेल तर पुन्हा तपासतात. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून तंबाखू, दारू सोडल्याचा गुण यायलाही तेवढा धीर हवा.

तेव्हा मैत्रिणींनो, बाईला दुर्बिणीची तपासणी सांगितली, की आधी विचारा, “यांची तपासणी झाली का?” हा प्रश्न गटातल्या प्रत्येकीच्या तोंडी असू द्या.