देवाला वाहिलेलं चिलखत

सामुराईचं चिलखत पाहताना माझी नजर आधी गोफांवर जाते. लोखंडाच्या आणि कच्च्या चामड्याच्या चिमुकल्या पट्ट्यांवर लाखेचे थर चढवायचे, मग रेशमी गोफांनी त्या एकमेकींत ओवायच्या. जपानमधल्या नारा शहरातल्या कासुगा देवस्थानात मध्ययुगीन कामाकुरा काळातलं लाल गोफांचं एक चिलखत आहे. खांद्यांवरच्या रुंद ढालींवर मुलामा दिलेल्या धातूचं बांबूचं बन पसरलंय, त्यात वाघ आणि चिमण्या. इतकं नाजूक काम तलवारीच्या घावांसाठी कोण करेल? ते देवाला वाहण्यासाठीच घडवलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि मोठी युद्धं जवळजवळ संपली. चिलखतं मात्र घडतच राहिली. आता ती सरदारांच्या मिरवणुकांत आणि समारंभांत झळकू लागली. शिरस्त्राणावरचा चतुर मला फार आवडतो. तो कधी माघारी उडत नाही अशी समजूत, म्हणून तो विजयाचा कीटक.

चिलखत नजराणा म्हणूनही जाई. 1613 मध्ये जपानच्या शोगुनने, म्हणजे लष्करी सत्ताधीश हिदेतादाने, इंग्लंडच्या राजा जेम्सला दोन चिलखतं पाठवली. त्यांतलं नाराच्या इवाई योझाएमोनच्या हातचं चिलखत आज ब्रिटनच्या रॉयल आर्मरीज संग्रहात आहे.