मोकळ्या दिवसाचा हिशेब

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण वजन उतरवणाऱ्यांना उद्देशून तयार झालेली नाही. पण खाण्यावर बंधन घातले की माणूस ते कुठून तरी सैल करून घेतो, हे निरीक्षण तिच्यात नेमके आले आहे. आज वजन कमी करू पाहणारी कित्येक मंडळी आठवड्यातले सहा दिवस मोजूनमापून खातात आणि सातव्या दिवशी मनसोक्त. या सातव्या दिवसाला 'चीट डे' असे नाव पडले आहे. वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या तोंडीही हा शब्द असतो. असा एक दिवस मोकळा सोडला तर वजन उतरायला मदत होते, की आठवडाभराची मेहनत वाया जाते?

प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्यात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. पहिला उष्मांकांच्या जमाखर्चाचा, दुसरा कमी खाल्ल्यावर शरीर काय करते याचा आणि तिसरा मन काय करते याचा. विज्ञानाने हे प्रश्न वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांसाठी हाताळले. तो इतिहास आपण पाहिला, तर उत्तर बरेच सोपे होते.

जमाखर्चाची वही

अमेरिकेतील मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठात विल्बर अॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात, एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने, एक बंदिस्त खोली तयार केली. माणूस त्या खोलीत काही दिवस राही. त्याने खाल्लेले अन्न, त्याच्या शरीरातून बाहेर पडलेली उष्णता आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड यांचे काटेकोर मापन होई. जर्मनीत माक्स रुबनर याने त्याआधी कुत्र्यावर असेच प्रयोग केले होते. दोघांच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सजीवांनाही लागू आहे. अन्नातून आलेली ऊर्जा एक तर खर्च होते किंवा शरीरात साठते, ती नाहीशी होत नाही. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ९ उष्मांक मिळतात, हे पाठ्यपुस्तकांतील आकडे अॅटवॉटरच्या कामातूनच आलेले आहेत. (आहारशास्त्रातील एक उष्मांक म्हणजे भौतिकशास्त्रातील एक किलोकॅलरी, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.)

या वहीत मोकळ्या दिवसाची नोंद करून पाहू. समजा, एका व्यक्तीला रोज २,००० उष्मांक लागतात आणि ती १,५०० घेते. सहा दिवसांत ३,००० उष्मांकांची तूट पडते. सातव्या दिवशी तिने ३,५०० उष्मांक खाल्ले, तर १,५०० जादा झाले, म्हणजे आठवड्याची निम्मी तूट भरून निघाली. ५,००० खाल्ले तर सगळीच भरून निघाली. तळलेले पदार्थ, मिठाई आणि सरबते यांचा दिवस असेल, तर मोठा आकडा गाठणे फारसे अवघड नाही. म्हणजे मोकळा दिवस मेहनत वाया घालवू शकतो, ही भीती निराधार नाही.

पण हीच वही एक उलटी भीतीही दूर करते. अशा दिवसानंतर सकाळी काट्यावर उभे राहिले, तर वजन एखाद-दीड किलोने वाढलेले दिसते आणि माणूस हबकतो. शरीरातील एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे एका दिवसात एक किलो मेद चढवायचा, तर रोजच्या गरजेवर ७,७०० उष्मांक जास्त खावे लागतील. मग काटा कशाने सरकला? मुख्यतः पाण्याने. पिष्टमय पदार्थ यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठतात आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. जादा मिठामुळेही पाणी अडते. नेहमीच्या आहारावर आल्यावर दोन-चार दिवसांत हे पाणी निघून जाते. आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, त्यामागेही हेच पाणी असते.

स्टेडियमखालचे छत्तीस तरुण

अॅटवॉटरच्या वहीत खर्चाची बाजू जवळजवळ स्थिर धरलेली होती. कमी खाल्ले तर शरीर खर्चही कमी करते का, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाने पुढे आणला. युरोपातील लाखो लोक उपासमारीने खंगले होते आणि युद्ध संपल्यावर त्यांना पुन्हा अन्नावर कसे आणायचे, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. हे शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. त्यांची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या बैठकांखाली होती. सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात सामील झाले.

पहिले १२ आठवडे पुरेसा आहार देण्यात आला. पुढील २४ आठवडे तो जवळजवळ निम्म्यावर, म्हणजे रोज सुमारे १,६०० उष्मांकांच्या आसपास आणण्यात आला. पाव, बटाटे, सलगमासारखी कंदमुळे, कोबी, मॅकरोनी असे त्याचे स्वरूप होते. शिवाय आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे होते. या काळात तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण महत्त्वाचे ते पुढेच. त्यांच्या नाडीचे ठोके मंदावले, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली आणि विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. घटलेल्या वजनावरून अपेक्षा करावी, त्यापेक्षा ही घट जास्त होती. उत्पन्न घटल्यावर घरखर्चाला कात्री लावावी, तसे शरीर वागले.

मनावरचा परिणामही तेवढाच ठळक होता. अन्नाखेरीज दुसरा विषय सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. एका तरुणाने गावात जाऊन आइस्क्रीम आणि माल्टेड मिल्कवर ताव मारला आणि लगेच त्याची कबुलीही दिली. त्याला प्रयोगातून वगळावे लागले आणि त्यानंतर कोणीही सोबत्याशिवाय बाहेर पडायचे नाही, असा नियम झाला. प्रयोगाच्या अखेरीस काही जणांना हवे तेवढे खाण्याची मुभा मिळाली, तेव्हा पोट भरूनही भूक शमत नाही, अशी त्यांची तक्रार होती. कीज आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये हे सर्व दोन खंडांत प्रसिद्ध केले. पुढे १९९७ मध्ये अब्दुल डुलू आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. मनसोक्त खाण्याच्या काळात या तरुणांच्या अंगावर पूर्वीपेक्षाही जास्त मेद चढला होता आणि गमावलेला मेद व गमावलेले स्नायू या दोहोंशी त्या खाण्याचा संबंध होता, असे त्यांना आढळले.

हे तरुण मुळात सडपातळ होते, हे विसरता कामा नये. त्यांचे निष्कर्ष स्थूल माणसाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही कडक उपासानंतर येणारी अनावर भूक हा केवळ इच्छाशक्तीचा अभाव नसतो, हे या प्रयोगाने दाखवले.

'नाहीतरी मोडलेच आहे'

१९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन मुलींना चव पारखण्याच्या निमित्ताने बोलावण्यात आले. काहींना आधी काहीच दिले नाही, काहींना एक पेला मिल्कशेक दिला, काहींना दोन. नंतर सर्वांसमोर तीन प्रकारचे आइस्क्रीम ठेवून, चव पाहण्यासाठी हवे तेवढे खा, असे सांगितले. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले. पोट भरलेले, म्हणून खाणे कमी. पण ज्या एरवी मोजूनमापून खात, त्यांनी उलट जास्त खाल्ले!

पुढच्याच वर्षी जॅनेट पॉलिव्ही यांनी आणखी एक धागा उलगडला. आधी दिलेला पदार्थ भरपूर उष्मांकांचा आहे असे नुसते सांगितले, तरी बंधन पाळणाऱ्यांचे पुढचे खाणे वाढत होते. म्हणजे कारण पोटात नव्हते, समजुतीत होते. आजचे पथ्य नाहीतरी मोडलेच आहे, आता उद्यापासून पाहू, अशी ती समजूत. एका लाडवाने आठवड्याचा हिशेब बिघडत नाही, पण त्या लाडवानंतर 'आता काय उरले' म्हणून खाल्लेल्या सहा लाडवांनी बिघडतो.

'चयापचय जागा होतो' हे कितपत खरे?

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधून काढले. लेप्टिन मेदपेशींतून स्रवते आणि साठा किती आहे, याची वर्दी मेंदूला देते. उपासात त्याची पातळी झपाट्याने उतरते. यावरून एक आकर्षक कल्पना निघाली. अधूनमधून भरपेट खाल्ले, तर लेप्टिन वाढेल, मेंदूला साठा पुरेसा वाटेल आणि मंदावलेला चयापचय पुन्हा जागा होईल. मोकळ्या दिवसाचे समर्थक आजही हेच कारण देतात.

२००० साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दहा निरोगी स्त्रियांना तीन दिवस गरजेपेक्षा ४० टक्के जास्त आहार देऊन पाहिला. हा जादा आहार पिष्टमय पदार्थांचा होता, तेव्हा लेप्टिन २८ टक्क्यांनी आणि दिवसाचा ऊर्जाखर्च ७ टक्क्यांनी वाढला. तो स्निग्ध पदार्थांचा होता, तेव्हा म्हणण्याजोगा फरक पडला नाही. आता हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडू. जमा ४० टक्क्यांनी वाढली आणि खर्च ७ टक्क्यांनी. चयापचय जागा झाला हे खरे, पण त्यासाठी मोजलेली किंमत कितीतरी जास्त होती.

२०१७ मध्ये टास्मानिया विद्यापीठातील न्युएला बर्न आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मात्र गाजला. स्थूल पुरुषांच्या एका गटाने १६ आठवडे सलग कमी आहार घेतला. दुसऱ्या गटानेही १६ आठवडेच कमी आहार घेतला, पण दोन आठवडे आहार, दोन आठवडे विश्रांती असा आलटून पालटून, एकूण ३० आठवड्यांत. सलग गटाचे वजन सरासरी ९ किलोंनी, तर विश्रांती घेणाऱ्यांचे १४ किलोंनी उतरले. मात्र विश्रांतीच्या काळात ही मंडळी मेजवान्या झोडत नव्हती. वजन स्थिर राहील इतकाच, मोजलेला आहार ती घेत होती. शिवाय २०२१ मध्ये व्यायामपटूंवर झालेल्या अशाच एका प्रयोगात मेद घटण्यात दोन गटांत फरक आढळला नाही. विश्रांती घेणाऱ्यांना भूक मात्र कमी जाणवली.

आधी ठरवलेले आणि नंतर घडलेले

आता आपल्या मूळ प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारे काम पाहू. २०१६ मध्ये पोर्तुगाल आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी एका गटाला रोज १,५०० उष्मांकांचा आहार आखून दिला आणि दुसऱ्याला सहा दिवस १,३०० व सातव्या दिवशी २,७००. गुणाकार केला, तर दोन्हींची आठवड्याची बेरीज १०,५०० येते. दोन आठवड्यांत दोन्ही गटांचे वजन सारखेच उतरले. पण ज्यांच्या वाट्याला ठरलेला मोकळा दिवस होता, त्यांचा उत्साह अधिक टिकून राहिला. इथे मोकळा दिवस 'मोडणे' नव्हते, तो आराखड्याचाच भाग होता. म्हणून 'नाहीतरी मोडलेच आहे' ही समजूत तिथे शिरली नाही.

याच्या उलट दिसणारा एक पुरावाही आहे. अमेरिकेत १९९४ पासून, बरेच वजन उतरवून ते टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. २००४ मध्ये तिच्या अभ्यासात असे आढळले, की आठवडाभर एकसारखे खाणारे लोक पुढील वर्षभर आपले वजन टिकवून ठेवण्याची शक्यता, सुट्टीच्या दिवशी सैल सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट होती. पण हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. सातत्यामुळे वजन टिकले, की ज्यांना खाण्याचा फारसा मोह होत नाही त्यांनाच सातत्य जमले, हे त्यावरून सांगता येत नाही. निरीक्षण आणि प्रयोग यांतील फरक शिकवायला हे उदाहरण वर्गात चांगले उपयोगी पडेल.

तेव्हा उत्तर असे. मोकळा दिवस चयापचयाला फारसा हातभार लावत नाही. बेरीज सांभाळून, आधी ठरवून घेतला, तर तो हानीही करत नाही आणि नेटाने टिकून राहायला मदत करू शकतो. मर्यादा नसलेला, किंवा एका चुकीची शिक्षा म्हणून पुढची दहा घडवणारा दिवस मात्र आठवड्याची तूट गिळून टाकतो. आणि सहा दिवस इतके कडक असतील की सातव्या दिवशी माणूस अन्नावर तुटून पडतो, तर दोष सातव्या दिवसात शोधण्यापेक्षा आधीच्या सहांत शोधलेला बरा.

शिक्षकांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. वर सांगितलेले सारे प्रयोग प्रौढांवरचे आहेत. वाढत्या वयातील मुलामुलींना उंची, हाडे, रक्त या सर्वांसाठी अन्न लागते. त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आहार तोडू नये. वर्गातील एखादी मुलगी डबा परत नेऊ लागली, सतत उष्मांकांविषयीच बोलू लागली, थंडी वाजते म्हणू लागली, तर स्टेडियमखालचे ते तरुण आठवावेत आणि तिच्याशी व तिच्या पालकांशी वेळीच बोलावे. 'चीट' म्हणजे फसवणूक. सणाच्या दिवशी घरच्यांबरोबर पुरणपोळी खाल्ली, तर कोणाची फसवणूक होत नाही, एवढे तरी मुलांना आपण सांगू शकतो.