वैनगंगेकाठची मालकी

नागपूरचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं आणि पुढच्या बंदोबस्तात इंग्रजांनी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांना गावांचे मालक करून टाकलं. त्यावरून वैनगंगेकाठच्या ढिवर या मासेमार समाजाकडे मालमत्ता नव्हतीच, असं म्हणणं घाईचं ठरेल. पूर ओसरला की रेतीत टरबुजांच्या डांगरवाड्या लागत, डोहात जाळी पडत. सरपण-चराईची वहिवाट ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावच्या रूढींच्या नोंदपत्रात नोंदली जाई. मालगुजाराच्या मर्जीपुढे त्या कागदाची किंमत ती काय, हा आक्षेप रास्तच. पण 1951 मध्ये मालगुजारी गेली, तरी 1966 च्या जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक (सरपण-चराईसारख्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज दोन्ही टिकले, मासेमारीच्या हक्कासकट. म्हणजे वहिवाट मालकापेक्षा चिवट निघाली. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या भूसंपादनात मात्र मोबदल्याचा हिशेब मुख्यतः सातबाऱ्यावरून झाला, आणि नदीपात्रातल्या डांगरवाडीला गट नंबरच नसतो.