रकाना कोण आखतो?

चंदगडमध्ये फॉर्मच्या इतिहासावर बोलायचं, तर सुरुवात आपण संगणकापासून नको, सातबाऱ्यापासून करू. 1956 साली हा तालुका बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुरात आला. जिल्हा बदलला, सातबारा राहिला. त्यातला गाव नमुना 12 म्हणजे पिकांची नोंद. ती तलाठ्यानं हातानं लिहायची. रकान्यात न मावणाऱ्या गोष्टीसाठी शेवटी ‘शेरा’ होता.

1995 च्या एचटीएमएल 2.0 या मानकात वेबपानावर माहिती भरायचे रकाने आले. पुढे गूगल फॉर्म्ससारख्या साधनांमुळे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही फॉर्म तयार करता येऊ लागला. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच मोबाइलवर पीक नोंदवू लागला.

लेखणी हाती आली, ही मोठीच गोष्ट. पण रकाना? भाताच्या बांधावरची चार काजूची झाडं कुठं लिहायची, हे फॉर्म आखणाराच ठरवतो; आणि नुकसानभरपाईच्या वेळी तर नोंदच बघतात ना! प्रश्न ज्याच्या हाती, त्याच्या हाती निम्मं उत्तर. म्हणून आपण फॉर्म भरायला शिकलो, तसं आखायलाही शिकू या. निदान शेऱ्याची जागा तरी मागू या.